स्वस्त लॅपटॉपवर कॅड वारंवार अडकत असल्यास काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

बडोद्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लहान कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारे आणि कलाभवनात अभियांत्रिकी शिकणारे अनेक जण बेताच्या किमतीच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स हे कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याचे, प्रोग्रॅम चालवतात. त्यांची तक्रार माझ्याकडे बहुधा एका ठरलेल्या प्रश्नाच्या रूपात येते: "कॅड फार अडकतं, ग्राफिक्स कार्ड टाकून मिळेल का?" अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड मागाहून बसवता येत नाही, आणि तसे कार्ड नसणे हे अडकण्याचे खरे कारण क्वचितच असते. ही तक्रार मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की निम्म्याहून अधिक वेळा एक रुपयाही खर्च न करता काम मार्गी लागते. मात्र त्यासाठी लॅपटॉप नेमका केव्हा, कशावर आणि किती वेळाने अडकतो याकडे आधी लक्ष द्यावे लागते.

लक्षणे

एकच विशिष्ट फाइल उघडली की सगळे मंदावत असेल आणि बाकीच्या फाइली व्यवस्थित चालत असतील, तर दोष लॅपटॉपचा नसून त्या फाइलचा आहे. फाइल उघडायला फार वेळ लागतो, पण एकदा उघडल्यावर काम ठीक चालते, असे असल्यास बोट हार्ड डिस्ककडे दाखवावे. ब्राउझर, पीडीएफ आणि कॅड यांच्यात अदलाबदल करताना पडदा काही क्षण गोठत असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, अपुरी पडत आहे.

पहिली पंधरा-वीस मिनिटे काम सुरळीत चालते, मग पंखा जोरात फिरू लागतो आणि त्यानंतर प्रत्येक आज्ञा रेंगाळते, हे उष्णतेचे लक्षण आहे. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर ४० अंशांच्या वर पारा असताना आणि खोलीत फक्त छताचा पंखा असताना, ही तक्रार इतर सर्व तक्रारींपेक्षा जास्त येते. याउलट लॅपटॉप सुरू केल्यापासूनच, अगदी थंड असतानाही, साधी फोल्डरची खिडकी उघडायला वेळ लावत असेल, तर चार्जर किंवा बॅटरीचा संशय घ्यावा.

झूम, पॅन (चित्र सरकवणे) किंवा ऑर्बिट (मॉडेल फिरवणे) करताना कर्सर हाताच्या मागे पडत असेल, छायांकित मॉडेलचे पृष्ठभाग काळे दिसत असतील किंवा मॉडेल फिरवताच प्रोग्रॅम बंद पडत असेल, तरच ग्राफिक्सचा आणि त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार करावा.

पहिली तपासणी: रिकामे ड्रॉइंग

कॅडमध्ये नवे ड्रॉइंग उघडून त्यात थोड्या रेषा, काही वर्तुळे आणि एखादे साधे हॅच (रेषांनी भरलेला भाग) काढावे आणि झूम-पॅन करून पाहावे. हे सुरळीत चालले, तर लॅपटॉप आणि प्रोग्रॅम दोन्ही मूलतः ठीक आहेत आणि पुढचा शोध फाइलमध्ये घ्यायचा आहे. या एका मिनिटाच्या तपासणीने पुढची अर्धी वाट कापली जाते, म्हणून ती कधीही टाळू नये.

दुसरी तपासणी: अडकण्याच्या क्षणी टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तो एका कोपऱ्यात उघडा ठेवून नेहमीचे काम करावे आणि अडकल्याच्या क्षणी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे पाहावेत. अडकून गेल्यानंतर पाहिलेल्या आकड्यांचा उपयोग नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक जण सांगतात की कॅड अडकलेले असताना प्रोसेसरचा वापर जेमतेम १२-१३ टक्के दिसतो, म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे आणि दोष दुसरीकडे आहे. प्रत्यक्षात ऑटोकॅडचे बरेचसे काम, आणि सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल पुन्हा बांधण्याचे काम, मुख्यतः एकाच वेळी एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, चालते. टास्क मॅनेजर ८ लॉजिकल प्रोसेसर दाखवत असेल, तर त्यांपैकी एक पूर्ण क्षमतेने राबत असतानाही एकूण आकडा १२.५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. म्हणून कॅडसाठी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो, आणि तो वेग टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झमध्ये लिहिलेला असतो. हा वेगाचा आकडा कागदावर टिपून ठेवावा. पुढे उष्णता आणि चार्जर तपासताना तोच लागणार आहे.

मेमरी ९० टक्क्यांच्या जवळ आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर रॅममध्ये न मावलेली माहिती विंडोज डिस्कवर ठेवून पुन्हा उचलत आहे. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी आणि सॉलिडवर्क्सला १६ जीबी रॅम लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरबरोबर येणारे अंगभूत ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेते, त्यामुळे कॅडच्या हाती त्याहूनही कमी उरते. अशा वेळी ब्राउझरमधील जास्तीचे टॅब बंद करणे आणि लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम थांबवणे हा फुकटचा उपाय आहे. रॅम वाचवण्यासाठी पेजिंग फाइल, म्हणजे रॅममध्ये न मावलेल्या माहितीसाठी डिस्कवर राखलेली जागा, शून्यावर न्यावी असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण रॅम भरताच कॅड न साठवलेल्या कामासह बंद पडेल.

काहीही काम चालू नसताना प्रोसेसर सतत व्यस्त दिसत असेल, तर कोणता प्रोग्रॅम तो वापरत आहे हे पाहावे. चोरट्या मार्गाने मिळवलेली कॅडची प्रत बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि त्याच वाटेने इतरांसाठी आभासी चलन खणणारे प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरू शकतात. असा लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज पुन्हा बसवल्याशिवाय त्यावरील कोणत्याही तपासणीचा मला भरवसा वाटत नाही. विद्यार्थ्यांनी तर हा धोका पत्करण्याचे कारणच नाही. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी एक वर्षाचा परवाना विनामूल्य देते आणि पात्रता टिकून असेपर्यंत त्याचे नूतनीकरण करता येते.

फाइलची साफसफाई

रिकामे ड्रॉइंग नीट चालले आणि नेहमीची फाइल अडकली, तर सर्वांत आधी त्या फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. प्रत लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर असावी, नेटवर्कवर किंवा ऑनलाइन जुळवणी (सिंक) होणाऱ्या फोल्डरमध्ये नसावी. नुसती जागा बदलल्याने फाइल सुरळीत चालू लागली, तर दोष जुळवणीचा किंवा नेटवर्कचा होता.

ऑटोकॅडमध्ये प्रथम ऑडिट ही आज्ञा देऊन चुका दुरुस्त करून घ्याव्यात, मग पर्ज देऊन न वापरलेले ब्लॉक, लेयर आणि रेषाप्रकार काढावेत. याच आज्ञेच्या आधी आडवी रेघ लिहून ती पुन्हा दिली की रेगॅप्स हा पर्याय मिळतो. तो स्वतंत्रपणे चालवावा. अनेक कार्यालयांतून फिरून आलेल्या फाइलमध्ये इतर प्रोग्रॅमनी नोंदवलेली हजारो निरुपयोगी नावे साठलेली असतात आणि साध्या पर्जच्या खिडकीत ती दिसत नाहीत. त्यानंतर ओव्हरकिल ही आज्ञा एकमेकांवर पडलेल्या दुहेरी रेषा काढते. पीडीएफवरून रूपांतरित केलेल्या ड्रॉइंगमध्ये अशा रेषांचा खच असतो. एवढे करून फाइलचा आकार निम्म्यावर आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

सर्वेक्षणातून आलेल्या ड्रॉइंगमध्ये आणखी एक दोष असतो, आणि तो ओळखणारे फार थोडे भेटतात. बडोदे यूटीएम या नकाशावरील जागा मीटरमध्ये सांगण्याच्या पद्धतीच्या ४३ उत्तर या विभागात येते आणि येथील उत्तर दिशेचा अंक (विषुववृत्तापासूनचे अंतर) २४ लाख ६० हजार मीटरच्या पुढे असतो. हेच ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये केले की तो अंक २४० कोटींहून मोठा होतो. ऑटोकॅड स्वतः हे अंक पुरेशा अचूकतेने साठवते, परंतु पडद्यावर चित्र काढताना ग्राफिक्सची गणिते बहुधा सुमारे ७ अंकांच्या अचूकतेने होतात. परिणामी रेषा थरथरताना दिसतात, हॅच भरत नाही, स्नॅप (रेषेचे नेमके टोक पकडणारी सोय) भलत्या ठिकाणी पकडतो आणि वापरणाऱ्याला वाटते की लॅपटॉप कमी पडत आहे. प्रत घेऊन सर्व आकृती मूळबिंदूजवळ सरकवली की हा त्रास लगेच थांबतो. किती अंतर सरकवले ते ड्रॉइंगमध्येच ठळकपणे लिहून ठेवावे आणि मूळ सर्वेक्षणाची फाइल जशीच्या तशी जपावी. नुसता यूसीएस, म्हणजे वापरणाऱ्याने ठरवलेले अक्ष, बदलून मात्र काही साधत नाही, कारण वस्तूंचे मूळ अंक तसेच राहतात.

सॉलिडवर्क्समध्ये फाइल जड होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गरज नसलेले बारकावे. टाकीच्या किंवा फ्लँजच्या असेंब्लीत (सुटे भाग जोडून केलेल्या मॉडेलमध्ये) प्रत्येक बोल्टचे आटे खरोखर कोरलेले असतील, तर एकेका बोल्टमागे पडद्यावर मोठ्या संख्येने त्रिकोण काढावे लागतात. पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅड प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या मॉडेलच्या फाइलमध्ये) असे आटे बऱ्याचदा असतात. त्याऐवजी कॉस्मेटिक थ्रेड (आटे न कोरता नुसते दाखवणारी खूण) वापरावा, मोठी असेंब्ली लाइटवेट म्हणजे हलक्या स्वरूपात उघडावी आणि इमेज क्वालिटीचा सरकणारा दांडा मधोमध आणावा. कारखान्याला जाणाऱ्या ड्रॉइंगच्या अचूकतेवर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही.

वीज आणि चार्जर

बहुतेक लॅपटॉप बॅटरीवर असताना प्रोसेसरचा वेग कमी ठेवतात, म्हणून कॅडचे काम चार्जर लावूनच करावे आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड सर्वोत्तम कामगिरीवर ठेवावा. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या प्रोग्रॅममध्ये शांत किंवा बचतीचा मोड चालू नाही ना, हेही पाहावे, कारण विंडोजचे सेटिंग बदलले तरी तो मोड आपला अंकुश सोडत नाही.

आता टिपून ठेवलेला वेगाचा आकडा पाहावा. काम चालू असतानाही तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर खिळून असेल, तर लॅपटॉपने स्वतःला सुरक्षिततेसाठी जखडून घेतले आहे. अशा वेळी मूळ चार्जर हरवून बाजारातून दुसरा घेतलेला नाही ना, हे मी प्रथम विचारतो. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला, किंवा चार्जर ओळखण्याची पद्धत असलेल्या लॅपटॉपला ओळखू न येणारा चार्जर लावला, की काही लॅपटॉप असे वागतात. चार्जरवरील वॉट, किंवा व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार, मूळ चार्जरशी ताडून पाहावा आणि त्याच मॉडेलचा चार्जर कोणाकडून तासाभरासाठी आणून लावावा. वेग पूर्ववत झाला, तर दोष सापडला. नाही झाला, तर दोष चार्जिंगच्या जागेत, बॅटरीत किंवा मदरबोर्डवरील तापमापकात असू शकतो, आणि येथे घरचे प्रयत्न थांबवावेत. हा अंकुश सॉफ्टवेअरने काढून टाकण्याचे उपाय सुचवले जातात. खरा दोष उष्णतेचा किंवा विजेचा असेल, तर त्या उपायांनी मदरबोर्ड जळू शकतो.

उष्णता

लॅपटॉप थंड असताना कॅड सुरू करून वेग पाहावा आणि वीस-पंचवीस मिनिटे खरे काम केल्यावर, एखादी जड आज्ञा चालू असताना, तो पुन्हा पाहावा. टास्क मॅनेजरमध्ये लिहिलेल्या बेस स्पीडच्याही खाली वेग घसरत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंद होत आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकच लहान पंखा असतो आणि हवा तळातून आत घेतली जाते, त्यामुळे गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवलेला लॅपटॉप अक्षरशः गुदमरतो. मागच्या बाजूला दोन बोटे उंच होईल असा आधार द्यावा आणि टणक पृष्ठभाग वापरावा. बऱ्याच लॅपटॉपना एवढे पुरते.

ते पुरले नाही, तर जाळीत साचलेली धूळ काढावी. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, हाताच्या ब्लोअरने बाहेरून हलकेच हवा मारावी. पंख्याची पाती दिसत असतील, तर हवा मारताना ती काडीने अडवून धरावीत, कारण वाऱ्याने ती फार वेगात फिरली की बेअरिंग खराब होते. मकरपुऱ्यातील कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपबद्दल एक वेगळी काळजी सांगितली पाहिजे. ग्राइंडिंग आणि कटिंगच्या जागेजवळची धूळ धातूची असते आणि ती वीज वाहून नेते. असा लॅपटॉप बाहेरून हवा मारून कधीही साफ करू नये, कारण कण आत ढकलले जाऊन शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. तो उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावा. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलण्याचे कामही त्याचेच आहे.

ग्राफिक्स

ज्या लॅपटॉपमध्ये अंगभूत ग्राफिक्सच्या जोडीला वेगळी ग्राफिक्स चिप आहे, त्यात विंडोज कधी कधी कॅडला अंगभूत ग्राफिक्सवरच चालवते. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि ग्राफिक्स या क्रमाने जाऊन कॅडसाठी उच्च कामगिरी हा पर्याय निवडावा आणि कॅड बंद करून पुन्हा उघडावे.

ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन तात्पुरते बंद करावे. तक्रार थांबली, तर बहुधा ड्रायव्हर दोषी आहे. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलच्या क्रमांकानुसार घ्यावा. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या ड्रायव्हरवर परत जावे. सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असतोच असे नाही. फक्त द्विमितीय काम करणाऱ्यांनी रेषा गुळगुळीत दाखवण्याचा पर्याय आणि हॅचचे पूर्वदर्शन बंद ठेवले तरी बराच फरक पडतो.

सॉलिडवर्क्समध्ये सर्व फाइली बंद करून ऑप्शन्समधील परफॉर्मन्स या भागात सॉफ्टवेअर ओपनजीएल हा पर्याय तपासून पाहावा. तो आधीच निवडलेला आणि बदलता येत नसेल, तर प्रोग्रॅमने ग्राफिक्स चिप स्वीकारलेलीच नाही आणि सर्व चित्रण प्रोसेसर करत आहे. सॉलिडवर्क्सची प्रमाणित कार्डांची यादी मुख्यतः व्यावसायिक श्रेणीच्या कार्डांची असते, त्यामुळे स्वस्त लॅपटॉपवर काही सुविधा मिळणारच नाहीत, हे स्वीकारून सुट्या भागांची आणि मध्यम असेंब्लीची कामे करावीत.

खर्च करायचाच असेल तर

लॅपटॉपमध्ये अजूनही फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) करावा, कारण विंडोज सुरू होण्यापासून फाइल उघडण्यापर्यंत सर्वत्र तो जाणवतो. दुसरा खर्च रॅमचा. टास्क मॅनेजरच्या मेमरी या पानावर एकूण किती जागा आहेत आणि किती भरल्या आहेत हे लिहिलेले असते. एकच पट्टी असेल, तर तिच्याच क्षमतेची दुसरी लावावी. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की माहितीची वाहतूक दुप्पट रुंद होते आणि रॅमवरच अवलंबून असलेल्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा थेट लाभ मिळतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागेत बसत नाहीत, म्हणून लॅपटॉपच्या मॉडेलचा क्रमांक दाखवूनच खरेदी करावी. रॅम मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असेल आणि वेगळी जागा नसेल, तर ती वाढवता येत नाही.

४ जीबीची न वाढणारी रॅम, ६४ जीबीचे ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ) साठवण आणि सेलेरॉनसारखा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर पैसे घालू नयेत. त्यावर लिब्रेकॅड या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये द्विमितीय काम करता येते. त्रिमितीय कामासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील किंवा कार्यालयातील संगणक वापरावा.

केव्हा थांबावे

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर तत्काळ काढावा, लॅपटॉप बंद करावा, तो दाबू किंवा टोचू नये आणि वापर तेथेच थांबवावा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कोणतीही तपासणी न करता लॅपटॉप बंद ठेवून जाणकाराकडे न्यावा, कारण प्रत्येक वेळी सुरू केल्याने ड्रॉइंग परत मिळण्याची शक्यता घटते. निळा पडदा वारंवार येत असेल, चार्जिंगची जागा हाताला भाजत असेल किंवा विंडोज सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर रेघा दिसत असतील, तर दोष बहुधा हार्डवेअरचा आहे. वॉरंटी शिल्लक असल्यास लॅपटॉप कोणालाही उघडू न देता कंपनीच्या सेवा केंद्रातच न्यावा.

लॅपटॉप देण्यापूर्वी, डिस्क सुस्थितीत असेल तर, ड्रॉइंगची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. थंड आणि तापलेल्या स्थितीतील वेगाचे आकडे, मेमरी आणि डिस्कचे टक्के आणि अडकणाऱ्या फाइलची प्रत सोबत द्यावी, म्हणजे दुकानात रिकाम्या डेस्कटॉपवर पाहून 'सगळं ठीक आहे' असे उत्तर मिळणार नाही. चार्जरही न विसरता न्यावा, कारण दोष त्यात असल्यास दुकानातल्या दुसऱ्या चार्जरवर लॅपटॉप व्यवस्थित चालेल आणि घरी आणल्यावर पुन्हा अडकू लागेल.